थांबायचा आकडा

हडंबा सुरू झाला की आमच्या शाळेत खिडकीजवळची पोरं शिंकायला लागतात. हडंबा म्हणजे मळणीयंत्र. आमच्या वऱ्हाडात त्याला दुसऱ्या नावानं कोणी ओळखत नाही. किन्हीराजाच्या अलीकडच्या शिवारात तो धडधडतो, सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसकट, वाऱ्यावर चढतं आणि वर्गात येऊन फळ्यावर, वह्यांवर, माझ्या मानेवर बसतं. मान खाजते. मी लिहिता लिहिता कॉलरमध्ये बोट घालतो. पूर्वी ते अडायचं. आता सहज आत जातं, सोबत आणखी एखादं जाईल एवढी जागा तिथं आहे, आणि ती जागा जाणवली की हातातला खडू थांबतो. यंदाही थांबला. पोरं वाट बघत होती, की गुरुजी पुढचं वाक्य केव्हा लिहितात.

हा हंगामच संशयाचा. कापसाच्या दिवसांत माणसं दमलेली असतात, तुरीच्या दिवसांत जरा सैलावलेली. सोयाबीनच्या दिवसांत मात्र ज्याच्या त्याच्या डोळ्यांत शंका. ढगाचं एक चिरकूट दिसलं की आभाळावर शंका. रस्त्यानं जाणारी एखादी जीप शेताजवळ उगीच हळू झाली, की ताडपत्रीखाली रचलेल्या सुडीवर हिची नजर नाही ना, ही शंका. व्यापाऱ्याला वाटतं माल ओला आहे, शेतकऱ्याला वाटतं काटा मारलेला आहे. मी तर जन्माचा शंकेखोर. दूधवाल्यानं माप भरून वर थोडी धार सोडली, की मला वाटतं, म्हणजे आज पाणी जास्त घातलं. त्यामुळं हा हंगाम आपल्या स्वभावाला मानवतो, अशी माझी समजूत होती. मागच्या वर्षी ती गेली.

आमच्या गावचं सोयाबीन शेलूबाजारला रफिकभाईंकडं जातं. त्यांच्या वडलांपासूनची खरेदी, हमरस्त्याला लागून दुकान, पुढं पत्र्याचं शेड आणि शेडमध्ये लोखंडी पाट्याचा इलेक्ट्रॉनिक काटा. माणूस तोंडाचा गोड. म्हणूनच आमच्या गावाचा त्याच्यावर भरवसा नाही. आणि म्हणून आमच्या गावाची एक रीत आहे: पहिलं पोतं काट्यावर चढायच्या आधी मी चढतो.

ही रीत गजाननची. गजानन माझा धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध, लागून असलेला शेतशेजारी, बालपणीचा मित्र आणि शंका घेण्यात माझ्याहून दोन पावलं पुढं. नोकरी लागल्यावर मी लवकरच ब्याण्णव किलोवर पोचलो आणि तिथंच मुक्काम ठोकला. शाळेत पोरांची तपासणी करणारे लोक यायचे, त्यांच्या काट्यावर दर वेळी मीही उभा राहायचो, आणि दर वेळी ब्याण्णव. उन्हाळा असो की हिवाळा, लग्नसराई असो की श्रावण. ही बातमी पोरांनी घरोघर पोचवली होती. रफिकभाई वजनाचे लोखंडी ठोकळे काट्यावर ठेवून दाखवत, तेव्हा गजानन म्हणायचा, "ठोकळ्याले खालून कोरता येते, भाऊ. मास्तरले कोण कोरन?" मग मी चपला काढून पाट्यावर चढायचो. लाल आकडे पळत पळत ब्याण्णववर येऊन थांबायचे, मागं उभे असलेले सगळे मान डोलवायचे आणि पोती लागायची. खरं सांगतो, मला त्याचा अभिमान होता. शिकवून मी गावाला किती उपयोगी पडलो ते देव जाणे. वजनानं नक्की पडलो होतो.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात गुडघे कुरकुरायला लागले म्हणून वाशिमला डॉक्टर मॅडमकडं गेलो. वयानं माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीएवढी मुलगी. साखर काठावर आली आहे, वजन उतरवा, म्हणाली. मी घाबरून कामाला लागलो. सकाळी शाळेआधी रस्त्याच्या कडेनं चालणं, चहा बिनसाखरेचा, ताटातली बट्टी एकावर, वरणावरचं तूप नावाला. बाजारच्या दिवशीची कचोरी बंद. मॅडमच्या काट्यावर आकडा उतरत होता. पण मला त्या काट्यावरही विश्वास नव्हता. पेशंटला हुरूप यावा म्हणून डॉक्टर लोक काटा जरा खाली लावून ठेवत असतील, असं मी धरून चाललो होतो. शर्ट सैल झाले तेव्हा वाटलं, धुऊन धुऊन ताणले.

आणि सोयाबीन निघालं. छोट्या हत्ती टेम्पोत पोती रचून आम्ही शेलूबाजारला गेलो. रीतीप्रमाणं मी चपला काढल्या, चढलो. लाल आकडे पळाले आणि त्र्याऐंशीवर थांबले.

मग गजानन फुटला. "काटा मारला! नऊ किलो! अरे, पोत्यामागं नऊ किलो खाऊन राह्यला हा माणूस!"

"कसम से, गजाननभाऊ," रफिकभाई छातीवर हात ठेवून म्हणाले, "काटा कालच पाह्यला मी. लेकराची कसम."

"लेकराले मधात आनू नका. मास्तर ब्याण्णव हाय. साऱ्या गावाले माहीत हाय."

गर्दी जमली. आमच्या मागं थांबलेले इंझोरीकडचे दोघं तिघं आपली पोती परत गाडीत टाकायला लागले. रफिकभाईंनी ठोकळे आणले, ते फुकट गेले. शेवटी त्यांनीच हात जोडून सांगितलं, पलीकडं कापूसवाल्याचा काटा आहे, तिथं चला. आम्ही मिरवणुकीनं रस्ता ओलांडला. तिथं चढलो. त्र्याऐंशी.

गजाननचा आवाज गळाला. आणि मग सगळ्यांनी काट्याकडं बघणं सोडून माझ्याकडं बघितलं. आयुष्यात इतक्या जणांनी इतकं निरखून माझ्याकडं कधी पाहिलं नव्हतं. गळा, गाल, मनगटं. मी शर्ट खाली ओढला. गजानन जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, तुले काही होऊन राह्यलं काय बे?"

"काही नाई. उतरवलं मी. डॉक्टरनं सांगतलं होतं."

"इतकं?"

हे 'इतकं' त्यानं ज्या सुरात म्हटलं, तो सूर मला ओळखीचा होता. माझ्या वडलांबद्दल लोक याच सुरात बोलले होते. तेही सोयाबीनचेच दिवस होते. वडील हडंब्यावर उभे राहायचे आणि येणारा जाणारा म्हणायचा, अण्णा, तब्येत बनवली, पोट गेलं तुमचं. अण्णा खूश व्हायचे. आम्हीही खूश होतो. त्यांचा पायजमा नाडीनं किती आवळावा लागतो हे फक्त सुनंदाला माहीत होतं, माझ्या बायकोला, कारण कपडे ती धुवायची. तिनं दोनदा सांगितलंही. आम्ही म्हटलं, काम करणारा माणूस आहे, उतरणारच. संक्रांत त्यांनी पाहिली नाही.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा सुनंदा अंगणात तीळ निवडत होती. गजाननच्या गाडीचा आवाज विझायच्या आधी तिला सगळं कळलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं नाही, आवाज चढवला नाही.

"मी पाहून राह्यली होती," ती म्हणाली. "म्हटलं, तुमी सांगान."

"सांगण्यासारखं काय हाय त्याच्यात? मी चालतो, कमी खातो, उतरते."

"तुमी उतरवून राह्यले, का ते आपोआप उतरून राह्यलं, हे कोण सांगन?"

आजवर मी शेकडो शंका घेतल्या, पण अशी बिनतोड शंका एकही घेतली नव्हती. ती माझी असायला हवी होती. तिची निघाली, आणि माझ्या अंगात जाऊन बसली.

तपासण्या केल्या. रक्त, फोटो, सगळं. सगळं ठीक. मॅडमनं कागद पुढं सरकवले आणि हसल्या. मी कागदावरचं नाव तीनदा वाचलं. नाव माझं होतं, पण रक्त माझंच कशावरून? त्या बाहेरच्या खोलीत एका ट्रेमध्ये सगळ्यांच्या नळ्या उभ्या असतात, आणि नळ्यांची देखरेख करणारी मुलगी सारखी मोबाइलमध्ये बघत असते. हे मी सुनंदाला बोललो नाही. तिनंही कागद बघितले आणि घडी घालून ठेवून दिले. "बरं हाय," म्हणाली. तो 'बरं हाय' कागदाला होता, मला नव्हता.

मग वर्षभर मी उतरत राहिलो, आणि उतरण्यातला आनंद गेला. गुडघे गप्प झाले, साखर काठावरून मागं फिरली, शाळेच्या मागची टेकडी चढताना दम लागेना. हे सगळं चांगलंच. पण आकडा खाली गेला की आधी बरं वाटायचं आणि लगेच आत काहीतरी म्हणायचं, हा तू उतरवलेला की आपोआप उतरलेला? मास्तरला कोण कोरणार, हे गजाननचं वाक्य आठवायचं आणि हात पोटावर जायचा. घरी एक काचेचा काटा आणला. आमच्या फरशीवर तो पाच ठिकाणी ठेवला तर पाच वजनं दाखवायचा. सुनंदानं तो उचलून पलंगाखाली सरकवला.

यंदा पोळ्याच्या सुमारास मॅडम म्हणाल्या, "आता शेवट जवळ आलाय. कुठं थांबायचं, ते ठरवा."

मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यात उंची शोधली, बोट आडवं नेलं आणि म्हणाल्या, तक्त्याप्रमाणं सत्तरपर्यंत जाता येईल. तो तक्ता कोणाच्या अंगाचं माप घेऊन शिवला, कोण जाणे. माझ्या उंचीचा, माझ्या हाडाचा, ज्वारी खाणारा, किन्हीराजाकडचा माणूस त्यांनी पाहिला होता का? मी विचारलं तर त्या म्हणाल्या, तक्ता नुसता रस्ता दाखवतो. जे वजन तुम्हाला पोटभर जेवून, चिडचिड न करता, वर्षानुवर्षं सांभाळता येईल, ते तुमचं. आणि एक आकडा धरू नका, दोन किलोचा पट्टा धरा. अंगातलं पाणी रोज कमीजास्त होतंच.

घरी सांगितलं. सुनंदा म्हणाली, "ऐंशी. ऐंशीच्या खाली माणूस नाई दिसत तुमी." मी ऐंशीच्या खाली कधीच गेलो होतो. हे तिला माहीत होतं की नव्हतं, याची मला आजही खात्री नाही.

धुऱ्यावर गजाननला सांगितलं. त्याला वेगळीच काळजी.

"पट्टा? पट्टा कायले? रफिकच्या काट्यावर पट्टा चालते काय? एक आकडा पक्का कर न बे. पंचाहत्तर कर. साऱ्याइच्या ध्यानात राहीन."

"म्हणजे तुमच्या पोत्यासाठी मी वजन ठरवू?"

"मंग? तुह्यासाठी तू ठरवून राह्यला काय?"

तो हसत होता, पण बोलला ते लागलं. प्रत्येकाचा आकडा त्याच्या सोयीचा होता. डॉक्टरांचा तक्त्याच्या सोयीचा, गजाननचा हिशेबाच्या, सुनंदाचा भीतीच्या. माझा? विहिरीवर मोटार सुरू करून पाण्याच्या आवाजात बराच वेळ बसलो, तेव्हा कळलं की मला कमी वजन नकोच आहे, जास्तही नको आहे. मला थांबलेलं वजन हवं आहे. जो आकडा मी ठरवीन त्यावर थांबलं, तर वर्षभर उतरवलं ते मी. ठरवून, खाणं वाढवूनही थांबलं नाही, तर अण्णांचा रस्ता. आकडा कोणता हा प्रश्नच नव्हता. थांबतं का, हा होता.

शहात्तर ठरवलं. का शहात्तर, तर त्या दिवशी मी तिथं होतो आणि मला बरं वाटत होतं. मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, छान, आता एक भाकरी वाढवा, मूठभर शेंगदाणे घ्या, चालणं तेवढंच ठेवा. मी वाढवलं. जेवताना सुनंदा दुसरी भाकरी टाकायची आणि मी खातो का ते चुलीकडं बघितल्यासारखं करत बघायची. मी खायचो. चव लागायची नाही.

पुढच्या खेपेला मॅडमचा काटा पंचाहत्तर म्हणाला. त्याच्या पुढच्या खेपेला चौऱ्याहत्तर.

"होतं असं," मॅडम म्हणाल्या. "शरीराला कळायला वेळ लागतो. आणखी थोडं वाढवा. काळजी करू नका."

काळजी करू नका हे शब्द डॉक्टरांच्या तोंडून आले की माझी काळजी तिथूनच सुरू होते. परतताना जीपमध्ये खिडकीशी बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडत आलं होतं, पानं गळून नुसत्या शेंगा उभ्या. दर वर्षी मला ते दृश्य आवडतं. त्या दिवशी नाही बघवलं. घरी मी शहात्तरच सांगितलं. सुनंदानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि भाकरी थापत राहिली. दुसऱ्या दिवशी माझ्या खिशातली मॅडमची, चौऱ्याहत्तर लिहिलेली चिठ्ठी जागेवर होती, फक्त तिची घडी उलटी होती.

त्यानंतर मी वाशिमला गेलोच नाही. खात राहायचं आणि हंगामाची वाट बघायची, असं ठरवलं. कारण विचार करता करता एक गंमत ध्यानात आली होती. मॅडमचा काटा, घरचा काटा, शाळेत येणारा काटा, यांना कोणी कधी तपासलं नव्हतं. सगळ्या तालुक्यात एकच काटा असा होता, की ज्याच्यावर एक अख्खं गाव वर्षानुवर्षं डोळ्यांत तेल घालून संशय घेत आलं आणि जो दर वेळी खरा निघाला. मला माझं वजन रफिकभाईंकडूनच ऐकायचं होतं.

परवा पोती भरली. गाडीत चढायला गेलो तर सुनंदा पुढच्या सीटवर बसलेली, नवं लुगडं, हातात पिशवी. लग्नापासून ती माल विकायला कधी आली नव्हती.

"यंदा मी बी येतो," ती म्हणाली. पुढं काही विचारायची सोय नव्हती.

शेलूबाजारला रफिकभाईंनी आम्हाला बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. मागच्या हंगामाचा तमाशा ते विसरले नव्हते. "या, मास्तर," ते म्हणाले, "यंदा कितीचे झाले, ते आधीच सांगून ठेवा, बावा."

गजानननं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "शहात्तर. मास्तरनं सांगतलं हाय, शहात्तर."

मी चपला काढल्या. पाट्यावर पाय ठेवताना मनात आलेला विचार इथं लिहितो, कारण तसा विचार मी आयुष्यात कधी केला नव्हता. मला वाटलं, आज हा काटा मारलेला असू दे. खोटं बोलू दे, पण वर बोलू दे. ज्या माणसानं जन्मभर काट्याच्या खरेपणासाठी भांडण केलं, तो डोळे मिटून खोट्या वजनाची भीक मागत उभा होता.

डोळे उघडले. आकडे अजून पळत होते. मग मंदावले. पंचाहत्तर आणि टिंबाच्या पुढं आठ. सहा. पुन्हा आठ. थांबले.

"पंचाहत्तर का शहात्तर?" गजानन वाकून बघत म्हणाला. "हे तं मधातच हाय. ऐका, असं नाई जमत. चाला, कापूसवाल्याच्या काट्यावर पाहून घेऊ."

"काही गरज नाई," सुनंदा म्हणाली.

सगळे वळले. ती काट्याच्या अगदी जवळ उभी होती. आकड्याकडं बघत होती, आणि तिचे ओठ हलत होते. ती मनाशी वजाबाकी करत होती. "मांगं चौऱ्याहत्तर होतं," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता म्हणाली, हळू, पण शेडमधल्या सगळ्यांना ऐकू गेलं. "आता वर हाय. म्हणजे उतरत नाई. थांबलं."

"पन वहिनी, दुसऱ्या काट्यावर..."

"काटा बराबर हाय, गजाननभाऊ. चढवा पोते."

रफिकभाई बघतच राहिले. इतक्या वर्षांत आमच्या गावच्या माणसानं त्यांच्या काट्याला पहिल्यांदा खरं म्हटलं होतं. त्यांनी आधी सुनंदाकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पोत्यांच्या रांगेकडं. आणि पुढं होऊन पहिल्या पोत्याचं तोंड सोडलं आणि कोपरापर्यंत हात आत घालून तळाचं मूठभर सोयाबीन वर काढलं. "भाभी," ते दाणे चोळत म्हणाले, "माल ओला तं नाई ना?"

लोक हसले. मी हसायला गेलो आणि जमलं नाही. पाट्यावरून उतरून बाजूच्या बारदान्याच्या ढिगाला टेकलो. मी घाबरलो होतो. वर्षभर घाबरलो होतो, रोज, प्रत्येक घासाला, आणि हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. उद्या परवा पुन्हा शंका येईल, मला माझा स्वभाव माहीत आहे. पण त्या वेळी नव्हती. पहिलं पोतं काट्यावर चढलं, दुसरं चढलं, आणि मी आकडे बघितले नाहीत.

सुनंदा जवळ आली. "भूक लागली असन," ती म्हणाली.

"लागली."

"लय?"

"लय," मी म्हणालो, आणि ते खरं होतं.

समोर, रस्त्याच्या पलीकडं खानावळ होती. हमरस्त्यावर ट्रक, जीपा, हॉर्न, सगळा हंगामाचा गोंधळ. तिनं पिशवी खांद्याला अडकवली आणि चारचौघांत, गावच्या माणसांच्या डोळ्यांदेखत माझा हात धरला. आमच्याकडं नवराबायको असे चालत नाहीत. पलीकडं पोचल्यावर मी हात सोडवून घ्यायला गेलो. तिनं तो सोडला नाही.